गुरांमागून गेलेली शाळा

शाळेला आपल्या बॅचतर्फे काय द्यायचं, यावर ग्रुपवर रोज वाद चालू आहे. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणजे टॅब्लेटच्या बाजूची, असं सगळ्यांनी धरलेलंच आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये धानोरा तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत मी पाच लॅपटॉप घेऊन गेले होते. निम्मी मुलं गैरहजर. पहाटेच मोहफुलं वेचायला गेलेली. मला रागच आला. तो उतरला ताराबाई मोडकांचं चरित्र वाचल्यावर.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. पदवीधर झाल्या, राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. ती मानाची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे दादरला शिशुविहार. इथवरची मुलं बहुतेक खात्यापित्या घरची. मॉंटेसरीची महागडी साधनं खेडेगावात कोण घेणार, हा काटा त्यांना सलत होता.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. (आपण त्या वयात निवृत्तीचे हिशेब मांडू.) अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे आले.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथली मोठी मुलं गुरांमागे, त्यांच्याहून लहान मुली कडेवर भावंडं घेऊन. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही, वेळापत्रक बदललं. गुरं चरतात त्या कुरणातच शाळा भरू लागली. भावंडांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिचं नाव विकासवाडी. जंगलात वाढलेलं मूल झाडं, पाखरं, किडे दिवसभर न्याहाळतच असतं. प्रश्न त्याच्याजवळ असतात, फक्त ते ऐकणारं कुणी तिथवर जावं लागतं. मी मात्र त्या दिवशी वर्गात चार्जर लावत बसले होते.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. काम अनुताईंनी पुढे चालवलं. १९७५ च्या सरकारी बालविकास योजनेबरोबर अंगणवाडी हा शब्द आपल्या गडचिरोलीच्या पाड्यापाड्यांतही पोचला.

तेव्हा टॅब्लेटला माझं मत नाही. त्याच पैशांत मोहाच्या दिवसांत पहाटे मुलांबरोबर जंगलात जाईल अशी गावातलीच एखादी शिकलेली ताई नेमता येईल का, हे मेळाव्यात जेवणानंतर बोलू. आपल्या बाई आणि सर तेव्हा असतीलच. हिशेब मी मांडून आणते.