भागीदारांत न रमलेला निर्माता

मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि भारतीय कथाचित्रपटाचा इतिहास सुरू झाला. या चित्रपटाचे कर्ते दादासाहेब फाळके यांचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्यांच्या कलेइतकीच त्यांच्या आयुष्याला आकार देणारी एक गोष्ट बहुधा मागे पडते. ती म्हणजे चित्रपटाला लागणारा पैसा, आणि तो ज्याचा असेल त्याचे चित्रपटावर चालणारे वर्चस्व.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी असे करीत ते मुद्रणव्यवसायात स्थिरावले. तेथे नाव झाले, पण भागीदारांशी मतभेद झाले आणि चांगला चाललेला धंदा सोडून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. पुढील आयुष्यात हाच प्रसंग वेगळ्या रूपाने पुन्हा घडणार होता.

१९११ मध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांनी पाहिला आणि रामकृष्णांच्या कथा पडद्यावर आणण्याच्या ध्यासाने त्यांना घेरले. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले आणि तंत्र शिकून विल्यमसन कॅमेरा मागविला. परतल्यावर वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून त्यांनी सावकाराचा विश्वास संपादन केला. उरलेली गरज पत्नी सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भागविली. त्या केवळ दागिने देऊन थांबल्या नाहीत. दादरच्या घरी कलावंत व कामगारांचा स्वयंपाक करणे, रात्री कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे ही कामेही त्यांनीच केली. स्त्रिया काम करण्यास तयार होईनात, म्हणून तारामतीची भूमिका साळुंके या पुरुषाकडे गेली.

यशानंतर फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सावित्री सत्यवान’ घेऊन १९१४ मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेथे चांगल्या मोबदल्यावर राहून काम करण्याचे आमंत्रण त्यांना मिळाले, परंतु ते त्यांनी नाकारले. आपला चित्रपट आपल्या देशात, आपल्या माणसांनी घडवावा हा त्यांचा हट्ट होता. दुर्दैवाने त्याच वर्षी महायुद्ध पेटले, सावकारांनी हात आखडला आणि नाशिकला परतलेल्या फाळके यांच्यापुढे पगारी माणसे पोसण्याचा प्रश्न उभा राहिला. छोटे छोटे लघुपट काढून त्यांनी हा काळ निभावला. १९१७ च्या ‘लंका दहन’ने पैशाचा ओघ पुन्हा सुरू केला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या होत्या.

या यशाने धनिक पुढे आले. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली आणि फाळके तिचे कार्यकारी भागीदार झाले. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि कन्या मंदाकिनी बाळकृष्णाच्या भूमिकेत असलेला ‘कालिया मर्दन’ हे चित्रपट याच कंपनीचे. तिजोरी भरली, पण खर्च किती करावा आणि कसा करावा यावर भागीदारांशी वाद झाले. राजीनामा देऊन फाळके काशीला गेले आणि तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक त्यांनी लिहिले. काही काळाने ते कंपनीत परतले. पण आता ते मालक नव्हते.

१९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटाचे दिवस संपले. ‘सेतुबंधन’ला मागाहून ध्वनी जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव खरा बोलपट आणि अखेरचा चित्रपट ठरला. तोही दुसऱ्याच्या भांडवलावर होता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटसृष्टी मोठा धंदा झाली होती. पण तिच्या जनकाच्या हाती त्यातले फारसे काही नव्हते.

त्यांच्या नावाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. त्यांच्या चित्रपटांपैकी मात्र थोडेच, तेही बरेचसे खंडित स्वरूपात, शिल्लक आहेत. स्वतःच्या पैशाने चित्रपट काढू पाहणाऱ्या प्रत्येक निर्मात्याला फाळके यांच्यापुढचा पेच आजही ओळखीचा वाटेल.