पीटर ब्रॉक : पर्वतावरचा राजा आणि घड्याळाचा न्याय

दोन वेगवान मोटारींपैकी श्रेष्ठ कोणती, हा वाद मोटारीइतकाच जुना आहे. कागदावर तो चटकन मिटतो. अश्वशक्ती, वजन आणि कमाल वेग यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की मोठ्या आकड्याच्या बाजूने निकाल लागतो. शर्यतीच्या मार्गावर मात्र तेच आकडे वळण येताच डळमळू लागतात. ऑस्ट्रेलियात हा वाद कित्येक वर्षे होल्डन आणि फोर्ड या दोन नावांभोवती घराघरांत रंगला. त्याच्या केंद्रस्थानी जे नाव सर्वाधिक काळ राहिले, ते पीटर ब्रॉक यांचे. त्यांच्या निधनाला आता बराच काळ लोटला आहे. होल्डन गाड्यांचे येथील उत्पादनही २०१७ साली थांबले. तरीही या देशात ते नाव उच्चारले की त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

सिडनीच्या वायव्येस कॅसल हिल आणि त्याच्या आसपास स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हा इतिहास दूरचा वाटण्याचे कारण नाही. कॅसल हिलच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर असलेल्या ॲनानग्रोव्ह येथे १९६७ पासून १९९८ पर्यंत अमारू पार्क नावाचा शर्यतीचा मार्ग होता. त्याची लांबी दोन किलोमीटरांहूनही थोडी कमी होती. झाडीने वेढलेल्या त्या आखूड, चढउताराच्या मार्गावर राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेच्या फेऱ्या होत आणि ब्रॉकही तेथे उतरत. आज त्या जागी इंजिनांचा आवाज नाही, परिसर निवासी झाला आहे. परंतु ज्या पर्वतावर ब्रॉक यांची कीर्ती घडली, तो बाथर्स्टचा माउंट पॅनोरमा कॅसल हिलहून मोटारीने काही तासांच्या अंतरावर अजून तसाच उभा आहे.

ब्रॉक यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९४५ रोजी मेलबर्नमध्ये झाला. शहराच्या ईशान्येकडील हर्स्टब्रिज या गावाशी त्यांचे नाते आयुष्यभर टिकले. लहानपणी हाती आलेल्या जुन्या ऑस्टिन सेव्हनचा सांगाडा त्यांनी कुऱ्हाडीने तोडून हलका केला, ही कथा ऑस्ट्रेलियात सर्वश्रुत आहे. तारुण्यात सक्तीच्या लष्करी सेवेची चिठ्ठी त्यांच्या नावे निघाली आणि दोन वर्षे गणवेशात गेली. तेथून परतल्यावर त्यांनी चिमुकल्या ऑस्टिन ए-३० मध्ये होल्डनचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवले आणि १९६७ पासून ती गाडी शर्यतींत उतरवली. गाडी ओबडधोबड होती, पण वजनाच्या मानाने तिची ताकद विलक्षण होती. हलक्या गाडीला वळणात कसे सांभाळावे, हे शिक्षण त्यांना याच गाडीने दिले. पुढच्या साऱ्या कारकिर्दीचे बीज तेथे होते.

१९६९ मध्ये हॅरी फर्थ या अनुभवी संघप्रमुखाने त्यांना होल्डन डीलर टीममध्ये घेतले. त्याच वर्षी बाथर्स्टच्या पहिल्याच प्रयत्नात डेस वेस्ट यांच्या साथीने व्ही-८ इंजिनाची मोनारो चालवून ब्रॉक यांनी तिसरे स्थान मिळवले. त्या काळी या शर्यतीचा नियम असा होता की, सामान्य ग्राहकाला दुकानात मिळते तीच गाडी जवळजवळ जशीच्या तशी मार्गावर उतरवावी. त्यामुळे कंपन्या शर्यत जिंकण्यासाठी रस्त्यावरच्या गाड्याच अधिकाधिक वेगवान बनवू लागल्या. एकाच पर्वतावर एकाच दिवशी त्यांची तुलना होई आणि रविवारच्या विजयाचा परिणाम सोमवारी विक्रीवर दिसे, अशी व्यापाऱ्यांची धारणा होती.

या स्पर्धेतून दोन परस्परविरोधी विचारांच्या गाड्या समोरासमोर आल्या. फोर्डची फाल्कन जीटीएचओ फेज थ्री ही सुमारे दीड टनाची, चार दारांची गाडी होती. तिच्यात ५.८ लिटरचे व्ही-८ इंजिन होते. कंपनी तिची शक्ती ३०० अश्वशक्ती सांगत असे, पण प्रत्यक्षात ती त्याहून बरीच अधिक असल्याचे जाणकार मानत. ताशी २२५ किलोमीटरच्या आसपास धावणारी ही गाडी तिच्या काळातील जगातल्या सर्वांत वेगवान चारदारी गाड्यांत गणली जाई. होल्डनची टोराना एक्सयू-१ त्यापुढे खेळण्यासारखी भासे. सुमारे अकराशे किलो वजन, ३.३ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, तीन कार्ब्युरेटर आणि १९० अश्वशक्ती, एवढेच तिचे भांडवल होते. वजनाच्या प्रमाणात शक्ती मोजली तरी फाल्कनच पुढे होती. १९७० आणि १९७१ या दोन्ही वर्षी कॅनडात जन्मलेल्या ॲलन मोफट यांनी फाल्कनवर एकट्याने बाथर्स्ट जिंकून हा हिशेब पक्का केला होता.

मात्र बाथर्स्टचा मार्ग एका स्वभावाचा नाही. सव्वासहा किलोमीटरांच्या एका फेरीत गाडी सुमारे १७४ मीटर चढते आणि तितकीच उतरते. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या माथ्यावरच्या अरुंद वळणांची कल्पना सहज येईल. फरक एवढाच की, येथे कठड्यापलीकडे दरीऐवजी अनेक ठिकाणी भिंत असते. खाली कॉनरॉड स्ट्रेट हा लांब सरळ पट्टा आहे आणि तेथे शक्तीचे राज्य चालते. माथ्यावर ब्रेक, टायर आणि तोल यांचे राज्य असते. जड गाडीला थांबवायचे तर ब्रेकांना त्याच प्रमाणात अधिक उष्णता सोसावी लागते. ती टायरही अधिक झिजवते आणि इंधनही अधिक पिते. एका फेरीत हा भार दिसत नाही. शंभराव्या फेरीत तो घड्याळावर उमटतो.

१९७२ मध्ये या तुलनेला शर्यतीबाहेरून धक्का बसला. जून महिन्याच्या अखेरीस सिडनीच्या एका रविवारच्या वृत्तपत्राने पहिल्या पानावर बातमी दिली की, ताशी १६० मैलांपर्यंत धावू शकणाऱ्या नव्या गाड्या लवकरच सामान्य ग्राहकाच्या हाती पडणार आहेत. ते वृत्त इव्हान ग्रीन यांचे होते. न्यू साउथ वेल्सचे परिवहन मंत्री मिल्टन मॉरिस यांनी चिंता व्यक्त केली आणि देशभर गदारोळ झाला. रस्त्यावरील अपघातांत तरुणांचे बळी जात असताना शर्यतीच्या गाड्या गल्लीबोळांत सोडाव्यात का, हा प्रश्न वावगा नव्हता. काही दिवसांतच कंपन्यांनी माघार घेतली. फोर्डची फेज फोर आणि होल्डनची व्ही-८ टोराना या गाड्या बाजारात आल्याच नाहीत. ऑक्टोबरची शर्यत त्यामुळे हाती होत्या त्याच गाड्यांवर लढली गेली आणि ब्रॉक यांच्या वाट्याला सहा सिलिंडरांचीच टोराना आली.

१ ऑक्टोबर १९७२ रोजी पर्वतावर पाऊस होता. सर्वांत पुढून निघालेले मोफट यांची फाल्कन सरळ पट्ट्यावर अजिंक्य होती. पण ओल्या रस्त्यावर टायर जेवढी शक्ती झेलू शकतात, तेवढीच उपयोगाची असते, उरलेली घसरण्यात वाया जाते. ब्रॉक पावसात न डगमगता, गाडीला न दुखावता वळणामागून वळण घेत राहिले. मोफट यांना दबावाखाली चुकांची किंमत मोजावी लागली. पिटमधील नियमभंगाबद्दल त्यांना दंडही झाला. सुमारे सहा तास आणि १३० फेऱ्या एकट्याने चालवून ब्रॉक यांनी आपला पहिला विजय मिळवला. फाल्कनवरचे जॉन फ्रेंच दुसरे आले. पाचशे मैलांची ती अखेरची शर्यत ठरली. पुढील वर्षापासून अंतर हजार किलोमीटर झाले आणि एकट्याने संपूर्ण शर्यत चालवण्याचा काळ संपला.

या एका निकालावरून टोराना ही फाल्कनपेक्षा सरस गाडी होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रस्ता कोरडा असता तर काय झाले असते, हा वाद जाणकार आजही घालतात. पुढच्याच वर्षी टोरानाच्या बाजूने शर्यत जवळजवळ झुकली असताना ब्रॉक यांचे साथीदार डग चिव्हास यांच्या हाती असलेल्या गाडीतले इंधन संपले. त्यांना ती पिटच्या चढावर ढकलत न्यावी लागली आणि विजय मोफट व इयन गेगन यांच्या फाल्कनकडे गेला. हलकी गाडी कमी पिते, हे खरे, पण कमी म्हणजे किती, याचा हिशेब माणसालाच करावा लागतो. मार्गावरची तुलना कधीही केवळ दोन यंत्रांची नसते. त्या दिवसाचे हवामान, संघाचे गणित आणि चालकाचा संयम हे तिचेच भाग असतात.

ब्रॉक यांचे मोठेपण या संयमात होते. १९७५ मध्ये ब्रायन सॅम्पसन यांच्यासह त्यांनी खासगी संघाच्या गाडीवर बाथर्स्ट जिंकले. १९७८ पासून १९८० पर्यंत जिम रिचर्ड्स यांच्या साथीने सलग तीन विजय आले. त्यांतील १९७९ ची शर्यत आख्यायिका झाली आहे. व्ही-८ टोराना ए९एक्सवर ते प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सहा फेऱ्यांनी पुढे होते आणि तरीही अखेरच्या फेरीत त्यांनी फेरीचा नवा विक्रम केला. हजार किलोमीटर धावलेली गाडी शेवटी सर्वांत वेगवान धावू शकली, कारण तोवर तिला कुणी ओरबाडले नव्हते. १९८२, १९८३ आणि १९८४ मध्ये पुन्हा तीन विजय आले. लोक त्यांना पर्वताचा राजा म्हणू लागले.

घड्याळाच्या न्यायावर वाढलेल्या या माणसाने एकदा मात्र तोच न्याय नाकारला. १९८० पासून ते होल्डनच्या गाड्या अधिक कार्यक्षम करून स्वतःच्या नावाने विकत असत आणि तो व्यवसाय भरभराटीला आला होता. १९८६ च्या सुमारास त्यांनी स्फटिक आणि चुंबक असलेली एक लहान पेटी गाडीत बसवण्यास सुरुवात केली. तिच्यामुळे गाडीच्या अणुरेणूंची रचना सुधारते आणि ती अधिक सुरळीत चालते, असा त्यांचा विश्वास होता. अभियंत्यांना तिचा काहीही परिणाम आढळला नाही. होल्डनने मोजमापाचा आग्रह धरला, ब्रॉक आपल्या अनुभूतीवर ठाम राहिले आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये संबंध तुटले. चाहते दुभंगले आणि व्यवसाय कोसळला. सेकंदाच्या दहाव्या भागाचाही हिशेब ठेवणाऱ्या माणसाला स्वतःची श्रद्धा मोजू द्यावीशी वाटली नाही, हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दुःखद विरोधाभास होय.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या पाठबळाविना ते बाथर्स्टला आले. त्यांच्या गाडीचे इंजिन लवकरच निकामी झाले. मग नियमानुसार संघाच्या दुसऱ्या गाडीत बसून, डेव्हिड पार्सन्स आणि पीटर मॅक्लाउड यांच्यासह, पावसाने निसरड्या झालेल्या मार्गावर त्यांनी तिसरे स्थान राखले. पुढे असलेल्या टर्बो इंजिनाच्या दोन युरोपीय फोर्ड सिएरा कालांतराने नियमबाह्य चाककमानींमुळे बाद ठरल्या आणि ब्रॉक यांचा नववा विजय नोंदला गेला. मार्गावर सिएरा निःसंशय अधिक वेगवान होत्या. पण नियमांच्या चौकटीबाहेर गेलेल्या वेगाला तुलनेत स्थान नसते.

त्यांच्या गाडीवर ०५ हा आकडा असे. १९७५ मध्ये व्हिक्टोरियातील मद्यपान करून वाहन चालवण्याविरुद्धच्या मोहिमेसाठी तो प्रथम रंगवला गेला. रक्तातील मद्याच्या ०.०५ या कायदेशीर मर्यादेची ती आठवण होती. वेगाचे वेड लावणाऱ्या माणसानेच संयमाची खूण आपल्या दारावर मिरवली. न्यू साउथ वेल्समध्ये आज आपल्या घरांतील मुले लाल आणि हिरव्या पी-पाटीवर गाडी चालवू लागतात, तेव्हा त्यांना मद्याची मर्यादा शून्य असते आणि अनेक शक्तिशाली गाड्या वर्ज्य असतात. १९७२ च्या गदारोळातला प्रश्न आजही याच नियमांतून बोलतो.

८ सप्टेंबर २००६ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियात टार्गा वेस्ट या रॅलीत ब्रॉक यांची गाडी झाडावर आदळली आणि वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. बंदिस्त मार्गावर आयुष्य काढलेल्या माणसाला मृत्यू गाठला तो झाडांच्या कडेने जाणाऱ्या साध्या रस्त्यावर. मेलबर्नमध्ये त्यांना शासकीय इतमामाने निरोप देण्यात आला. त्याच वर्षीपासून बाथर्स्टच्या विजेत्यांना पीटर ब्रॉक चषक दिला जातो. पहिला चषक त्यांचे शिष्य क्रेग लाउंड्स यांनी जेमी व्हिनकप यांच्यासह उचलला.

माउंट पॅनोरमा शर्यत नसताना सर्वांसाठी खुला सार्वजनिक रस्ता असतो. मार्गालगतच्या मोटारशर्यत संग्रहालयापाशी ब्रॉक यांचा पुतळा आहे. तेथून कोणीही आपली घरची गाडी घेऊन माथ्यापर्यंत चढू शकतो, कॉनरॉड स्ट्रेटवरून खाली उतरू शकतो. त्या संपूर्ण मार्गावर वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे आणि पोलीस ती काटेकोरपणे पाळायला लावतात.