हेन्रिएटाबाईंच्या पेशी

हेन्रिएटा लॅक्स ह्या अमेरिकेतील कृष्णवर्णीय बाई. जन्म १९२० चा. लहानपण तंबाखूच्या शेतात राबण्यात गेले. पुढे पाच मुले झाली. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात त्यांना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी न विचारताच गाठीचा तुकडा काढून घेतला. त्याच साली, अवघ्या ३१ व्या वर्षी, बाई वारल्या. त्या पेशी मात्र काचेच्या नळीत वाढतच राहिल्या. घरच्यांना १९७३ पर्यंत पत्ता नाही! भगिनींनो, आपण वाटीभर साखर नेतानासुद्धा विचारतो. १९८४ साली जर्मनीत हाउझेन यांच्या प्रयोगशाळेला ह्याच ‘हेला’ पेशींत एका विषाणूचे अंश सापडले. ह्या रोगाच्या मुळाशी विषाणू आहे, ह्या म्हणण्याला बळकटी आली. त्या विषाणूवरची लस आता ९ ते १४ वर्षांच्या मुलींना टोचतात.