शिकागोचा सुरेल कोतवाल

चोरांच्या मागावर असलेला पोलीसप्रमुख आपल्याला नवा नाही. पण धुनांच्या मागावर असलेला? असा एक शिकागोत होऊन गेला. त्याचे नाव फ्रान्सिस ओनील.

जन्म १८४८ चा, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या ट्रॅलिबेन गावचा. बटाट्याच्या पिकावर रोग पडून देशात महादुष्काळ माजला होता. लाखो माणसे मेली, लाखो जहाजाने परदेशी गेली. त्यांच्याबरोबर नाचाच्या धुनाही समुद्रापार गेल्या, कागदावर नव्हे, डोक्यात. ओनीलच्या आजोळी फिरस्त्या वादकांना दार उघडे असे. तिथले सूर आईच्या गळ्यात उतरले आणि आईकडून या पोराच्या कानात. बासरी तो गावातच शिकला.

सोळाव्या वर्षी घर सोडून तो खलाशी झाला. पॅसिफिक महासागरात बेकर बेटावर त्याचे जहाज फुटले. सुटकेला आलेल्या जहाजावर खाण्याची टंचाई होती, पण एका हवाईयन खलाशाजवळ बासरी होती. ओनीलने ती मागून घेऊन वाजवली. खलाशी इतका खूश झाला की स्वतःच्या वाट्यातले अन्न त्याला देऊ लागला. पुढे त्याने मेंढ्या राखल्या, मास्तरकी केली आणि १८७३ मध्ये तो शिकागो पोलिसात शिरला. थोड्याच दिवसांत एका घरफोड्याची गोळी लागली. ती जन्मभर अंगातच राहिली. १९०१ मध्ये तो पोलीसप्रमुख झाला.

आयर्लंडात एका परगण्याची धून दुसऱ्याच्या कानी पडणे कठीण. शिकागोत मात्र सगळे परगणे शेजारी शेजारी, कधी एकाच चौकीत! एकच धून तिघांकडे तीन नावांनी सापडे. तिचा कर्ता कोण, हे विचारण्यात अर्थ नव्हता; तो कधीच विस्मृतीत गेलेला. म्हणून ओनील पोलिसी खाक्याने एवढेच विचारी, की ही तू कुणाकडून उचललीस? माग बहुधा एखाद्या शेजाऱ्यापाशी, नाहीतर म्हाताऱ्या पाइपवाल्यापाशी येऊन थांबे. पण तेवढे नावही मोलाचे, हे त्याने ओळखले. १९१० च्या आपल्या पुस्तकात कितीतरी धुनांपुढे त्या देणाऱ्याचे नाव त्याने आवर्जून लिहिले.

गंमत म्हणजे त्याला स्वतःला स्वरलिपी धड लिहिता येत नव्हती. तो धून वाजवून दाखवी आणि पोलीस खात्यातलाच जेम्स ओनील हा फिडलवादक (फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच) ती उतरवून घेई. आडनाव एक, गावे दूरदूरची. या जोडीचा १८५० धुनांचा ग्रंथ १९०३ मध्ये निघाला आणि निवडक १००१ नृत्यधुनांचा १९०७ मध्ये. छापल्याने धून गोठते, असा आक्षेप जाणकार घेतात. त्यात तथ्य आहे. पण न छापलेली धून म्हाताऱ्याबरोबर पुरली जाते, त्याचे काय? फिडलवादकांमध्ये आजही वाजणाऱ्या एका हॉर्नपाइपचे नाव 'चीफ ओनील्स फेव्हरिट' आहे. ती मुळात कुणी रचली, कोण जाणे!

या दोन ग्रंथांच्या मधे, १९०४ मध्ये, त्याचा मुलगा रॉजर्स ऐन तारुण्यात गेला. आधीचे मुलगेही असेच गेले होते. त्यानंतर त्या घरात वाद्य वाजले नाही. आईला ते सोसवेना. ज्याच्या पुस्तकांवरून जगभर मैफली रंगत होत्या, तो घरी मुकाट्याने लिहीत बसे. १९३१ मध्ये त्याने आपला ग्रंथसंग्रह नॉटर डेम विद्यापीठाला देऊन टाकला आणि १९३६ मध्ये शिकागोतच डोळे मिटले.