सत्येंद्रनाथ बोस

सत्येंद्रनाथ बोस (जन्म : कोलकाता, १ जानेवारी १८९४, मृत्यू : कोलकाता, ४ फेब्रुवारी १९७४) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. कोलकाता विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर १९२१ साली ते नव्याने स्थापन झालेल्या ढाका विद्यापीठात प्रपाठक झाले.

संशोधन

प्लांकचा प्रारणविषयक नियम शिकवताना त्याची प्रचलित उपपत्ती बोस यांना असमाधानकारक वाटे, कारण ती अंशतः जुन्या भौतिकीवर विसंबून होती. प्रकाशकण परस्परांपासून वेगळे ओळखता येत नाहीत असे मानणारी गणनपद्धती वापरून त्यांनी तो नियम नव्याने सिद्ध केला. ४ जून १९२४ रोजी त्यांनी हा निबंध आइन्स्टाइन यांच्याकडे पाठवला. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध करविला आणि हीच पद्धती वायूच्या अणूंना लावली. यातून बोस-आइन्स्टाइन सांख्यिकी उदयास आली. तिला अनुसरणाऱ्या कणांना बोसॉन म्हणतात.

उत्तरायुष्य

पीएच.डी. नसतानाही बोस ढाक्यात प्राध्यापक झाले. १९४५ साली ते कोलकात्यास परतले. बंगाली भाषेतून विज्ञानप्रसार व्हावा म्हणून त्यांनी १९४८ साली बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. १९५४ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. नोबेल पारितोषिक मात्र त्यांना लाभले नाही. त्यांच्या सांख्यिकीवर आधारलेले बोस-आइन्स्टाइन संघनित १९९५ साली प्रयोगशाळेत साकारले. ते साकारणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २००१ साली हे पारितोषिक देण्यात आले.