पंचवीस रुपये महिना

संपादक मंडळाने शाळेच्या आठवणी लिहायला सांगितल्या आहेत. मिठागरांवरून येणारा खारा वारा, मधल्या सुट्टीतला वडापाव, रुळांवर पाणी आले की लवकर सुटणारी शाळा, हे सगळे बाकीचे लिहितीलच. मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर लिहिते आहे. सर आणि बाई म्हणतील, इतक्या वर्षांनी हिला पुन्हा निबंध लिहायची हौस आली. तसेच समजा.

सहा डिसेंबरला आपण सगळ्यांनीच कधी ना कधी त्यांच्यावर भाषण केले आहे. प्रत्येक भाषणात एक वाक्य हमखास असायचे, की घरची गरिबी असूनही त्यांनी परदेशात जाऊन उच्च शिक्षण घेतले. मग टाळ्या. पैसे कुठून आले, ते मागितले कोणी, कागदावर सही कोणी केली, हे त्या वाक्यात कधी आले नाही आणि आपणही विचारले नाही. गेली वीस-बावीस वर्षे मी एका कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसते. त्यामुळे हल्ली त्यांचे चरित्र वाचताना माझी नजर नेमकी तिथेच जाऊन अडते.

दुसरे कारण आपल्या घरातले आहे. गेल्या वर्षी आपल्या बॅचने शाळेतल्या मुलांच्या पुढच्या शिक्षणासाठी वर्गणी काढली. दहा मुलांची सोय होईल एवढे पैसे जमले. अर्ज आले तीन. ग्रुपवर चर्चा झाली की हल्लीच्या मुलांना गरजच उरलेली नाही. मला ते पटले नाही.

भीमरावांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ. लष्करातून निवृत्त झालेले, कबीरपंथी, करारी माणूस. साताऱ्याहून कुटुंब मुंबईला आले आणि लोअर परळला डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. एल्फिन्स्टन हायस्कूलची फी दोन मुलांसाठी परवडेना, म्हणून थोरल्या आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली आणि धाकट्याचे शिक्षण चालू राहिले. मुलाला पुस्तक हवे असले की रामजी लग्न झालेल्या लेकींकडे जात, त्यांचा दागिना मागून आणत, गहाण टाकत आणि पेन्शन हातात आली की सोडवून परत देत. म्हणजे लेकीकडे मागायला त्यांना संकोच नव्हता. परक्यापुढे मात्र मान वाकवायची नाही. आपल्या वेळच्या भाईंदरमध्ये अशी किती घरे होती ते तुम्ही आठवा. माझे वडील भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करायचे. आमच्या घरी हेच होते.

मुलगा इंग्रजी चौथी पास झाला तेव्हा वस्तीतल्या लोकांना त्याचा सत्कार करायचा होता. त्या समाजातला तिथपर्यंत पोचलेला तो पहिलाच मुलगा. रामजींनी साफ नकार दिला. एक परीक्षा पास झाला, त्यात एवढे काय, उगाच पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. लोक हिरमुसले आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेले. केळुसकर म्हणजे शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र लिहिणारे लेखक आणि शिक्षक. रामजींचे ते स्नेही. ते स्वतः घरी आले, रामजींशी वाद घातला आणि होकार मिळवला. सभेत त्यांनी भीमरावाला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. हे सगळे बाबासाहेबांनी स्वतः, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते केळुसकर गुरुजींचे त्या खोलीत येऊन बसणे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. हा आकडा मी माझ्या टेबलावर बरेचदा सांगते, कारण शिष्यवृत्ती म्हणजे पहिल्या तीन नंबरांची मिरास असे समजून निम्मी मुले फॉर्मच घेत नाहीत. पुढे एल्फिन्स्टन कॉलेज. काही काळाने रामजींचा हात पुरता आखडला आणि कॉलेज सुटायची वेळ आली.

अस्पृश्य समाजातल्या होतकरू विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी मदत करू, असे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी मुंबईतल्या जाहीर सभेत सांगितले होते. मदत होती, देणारा तयार होता, घेणारा त्याच शहरात होता. तरी परळच्या त्या खोलीतून कोणी उठून महाराजांच्या दारात गेले असते असे मला वाटत नाही. रामजींचा स्वभाव आपण पाहिला. पुन्हा एकदा केळुसकरच मध्ये पडले. त्यांचे बुद्धचरित्र बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेले होते, म्हणजे तिकडे त्यांचा शब्द चालत असणार. त्यांनी महाराजांना त्या सभेतल्या शब्दाची आठवण दिली आणि भीमरावांना बरोबर नेऊन उभे केले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरे मनाला आली आणि महिना पंचवीस रुपये मंजूर झाले. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले.

यात केळुसकरांनी वशिला लावला असे कोणी म्हणेल. ऑफिसात हा शब्द रोज कानांवर येतो, म्हणून सांगते. प्रश्नांना उत्तरे मुलानेच दिली. केळुसकरांनी फक्त त्याला दारापर्यंत आणले.

पुढची गोष्ट वेगळी आहे, कारण पुढे भीमराव स्वतः मागायला शिकले. १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि २ फेब्रुवारीला रामजी गेले. घरचा आधार तुटला. त्याच सुमारास महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवण्याच्या विचारात होते. भीमराव मुंबईत त्यांना भेटले, महाराजांनी अर्ज करायला सांगितले, त्यांनी तो केला आणि निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानाची दहा वर्षे नोकरी.

ही दहा वर्षांची अट वाचून आजचा पालक फॉर्म परत करील. बावीस वर्षांचा मुलगा, नुकते वडील गेलेले, घरी पत्नी, आणि तीन वर्षांच्या शिक्षणापायी दहा वर्षे बांधली जाणार. त्यांनी सही केली आणि जुलैत न्यूयॉर्क गाठले. त्या साडेअकरा पौंडांतून घरीही पैसे पाठवायचे होते. कोलंबियात त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. बाकी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान वेगळे. १९१५ साली एम. ए. झाले.

तीन वर्षे संपली, पण अभ्यास संपला नव्हता. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि मुदतवाढ मागितली. ती थोडीच मिळाली, आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धे टाकून परत यावे लागले. बरोबर न आणता पुढे पाठवलेली पुस्तके जहाजाबरोबर समुद्रात बुडाली, पहिले महायुद्ध चालू होते. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले. तिथे कचेरीतले शिपाई लांबून कागद टाकायचे. राहायला कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर लाठ्या घेऊन माणसे आली आणि त्यांना बाहेर काढले. काही दिवसांतच बडोदे सोडावे लागले. देणाऱ्याची नियत चांगली होती, घेणाऱ्याची करार पाळायची तयारी होती, आणि तरी शहराने तो करार पाळू दिला नाही. शिष्यवृत्ती मिळाली की सगळे सुरळीत होते असे मी मुलांना कधीच सांगत नाही. खोटे ठरेल.

मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, १९१८ साली. पगारातून काटकसर करून पैसे साठवले, थोडी मदत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केली, पाच हजार रुपये कोलंबियापासूनचे मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. तिथे पैसे कमी पडले तेव्हा १९२१ मध्ये शाहू महाराजांना पत्र लिहून कर्ज मागितले. परत फेडीन असे सांगून, सरळ. आर्जव नाही, आडपडदा नाही. लेकीचा दागिना गहाण टाकणाऱ्या रामजींचा मुलगा इथवर आला होता. एम. एस्सी. १९२१, डी. एस्सी. १९२३, शिवाय बॅरिस्टर.

हे सगळे त्यांनी मागून मिळवले म्हणून ते मिंधे झाले का? शाहू महाराजांशी आणि सयाजीरावांशी त्यांचे संबंध आदराचे राहिले. पण पुढच्या राजकारणात त्यांनी कोणाची भीड ठेवल्याचे मला कुठे दिसत नाही. घेतलेल्या मदतीने माणसाची जीभ बांधली जाते ही भीती आपल्या घरांत खोल बसलेली आहे. आपल्या निधीतून मदत घेतली तर बॅचवाले पोराला बोलून दाखवतील, असे मला एका आईने सांगितले. मी तिला नाही म्हणाले, आणि मग आपल्या ग्रुपवरचे काही मेसेज आठवून गप्प बसले.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन दिले. त्यांच्या प्रयत्नांतून सरकारने अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले. विद्यार्थी परदेशीही जाऊ लागले. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची केंद्राची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. पुढे ती आदिवासी विद्यार्थ्यांना आणि इतर मागासांनाही लागू झाली. आज माझ्या टेबलावर जे अर्ज येतात, त्यांतल्या कित्येकांचे मूळ तिथे आहे. पंचवीस रुपयांसाठी एका मुलाला राजापुढे उभे राहून उत्तरे द्यावी लागली. आता छापील निकष असतात, मुदत असते, आणि निकषात बसणाऱ्याला कोणाच्या मर्जीची गरज नसते. मुले मात्र अजून राजापुढे उभे असल्यासारखी माझ्या टेबलापुढे उभी राहतात. मान खाली, आवाज बारीक.

१९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. वर्ग सकाळी भरायचे, म्हणजे नोकरी करणाऱ्याला शिकून कामावर जाता यावे. आपल्यातल्या ज्यांनी भाईंदरहून पहाटेची लोकल पकडून फोर्टात सकाळचे कॉलेज केले, त्यांना त्या वेळापत्रकाची किंमत वेगळी सांगायला नको.

आता आपल्या सात न आलेल्या अर्जांबद्दल. मी जूनमध्ये त्यांतल्या काही घरी गेले. एका घरी वडील म्हणाले की आमच्यापेक्षा गरजू कोणी असेल, त्याला द्या. घर म्हणजे दहा बाय बाराची खोली. एका मुलीला वाटत होते की जातीचा दाखला दाखवावा लागेल आणि मैत्रिणींना कळेल. आपल्या फॉर्मात जातीचा रकानाच नाही, पण तो तिने घेऊन वाचलाच नव्हता. एका मुलाला फक्त उत्पन्नाचा दाखला कसा काढायचा ते माहीत नव्हते आणि विचारायची लाज वाटत होती. आपल्या वेळी त्यासाठी ठाण्याला तहसील कचेरीत जावे लागे, घोडबंदर रोडने एसटीने किंवा दादरला गाडी बदलून, आणि वडिलांचा एक दिवसाचा पगार बुडायचा. आता बरेचसे काम ऑनलाइन होते. पण कुठले बटण दाबायचे ते शेजारी बसून दाखवणारे कोणीतरी लागतेच. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो, बँक खाते आधारशी जोडलेले लागते. इतक्यावरून पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी बुडालेली मी पाहिली आहे.

गरज नाही म्हणून गप्प बसलेले घर त्यांत एकही नव्हते. म्हणून यंदा सूचना फळ्यावर लावून थांबू नये, असे माझे म्हणणे आहे. दहावीच्या निकालाच्या आठवड्यात आपण दोघा-दोघांनी घरोघरी जावे, चहा घ्यावा, आईवडिलांशी बोलावे, वाद घालावा लागला तर घालावा, आणि फॉर्म तिथेच बसून भरून घ्यावा. निवृत्त झालेल्या ज्या सरांना आणि बाईंना चालणे झेपते, त्यांनी बरोबर यावे. पालक आपले ऐकणार नाहीत, त्यांचे ऐकतील. नावे कुठेही छापायची नाहीत, ग्रुपवर तर अजिबात नाहीत, हेही आधीच ठरवून टाकू.

पूर्वेच्या चाळी आणि मिठागराकडची वस्ती मी घेते. नवघर दोघांनी मागून घेतले आहे. मीरा रोड आणि काशीमीरा मोठे आहे, तिथे चार जण तरी लागतील. उत्तनला अजून कोणी नाही. कोरे फॉर्म माझ्याकडे आहेत, स्नेहसंमेलनाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलाशेजारी ठेवीन.