मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग

आपल्या जिल्ह्याचे नाव मराठीत आपण बीड असे लिहितो. इंग्रजीत मात्र हे नाव निरनिराळ्या काळी निरनिराळ्या प्रकारे लिहिले गेले. निजामाच्या काळातील इंग्रजी पुस्तकांत बी-एच-आय-आर अशी अक्षरे सापडतात. पुढे काही सरकारी पुस्तकांत बी-आय-डी असे लिहू लागले. आज बी-ई-ई-डी असे लिहितात. गाव तेच आहे, पण लिहिण्याची रीत बदलत गेली. एकच शब्द दहा जण दहा प्रकारे लिहू लागले, तर वाचणाऱ्याने काय करावे? सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मराठी भाषेपुढे हाच प्रश्न उभा होता. तो सोडवण्याच्या कामी ज्यांनी मोठे कष्ट घेतले, त्यांपैकी एक म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. वसईजवळचे तर्खड हे त्यांच्या घराण्याचे मूळ गाव. त्यावरून तर्खडकर हे आडनाव पडले. मुंबईत त्यांना मराठीबरोबर इंग्रजीचेही शिक्षण मिळाले. त्या काळी असे शिक्षण फार थोड्या मुलांच्या वाट्याला येत असे.

तेव्हा रोजचे हिशेब, पत्रे आणि दस्तऐवज मोडी लिपीत लिहीत. मोडीत लेखणी न उचलता भरभर लिहिता येई. पण त्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नसत, आणि दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. हाताने लिहिलेले पत्र ओळखीच्या माणसाकडेच जाई, त्यामुळे काम भागत असे. पुढे छापखाने आले, शाळा निघाल्या. एकच पुस्तक मुंबईत, पुण्यात आणि कोकणात वाचले जाऊ लागले. आता प्रत्येकाने आपापल्या मर्जीने लिहून चालण्यासारखे नव्हते.

पण नियम आणायचे कोठून? त्या काळच्या पुष्कळ विद्वानांना व्याकरण म्हटले की संस्कृतच आठवे. घरात आणि बाजारात बोलल्या जाणाऱ्या मराठीला व्याकरण कशाला हवे, असा समज सर्वत्र होता. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले होते, पण ते इंग्रजीत होते आणि इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी होते. मराठी मुलांना मराठीतून आपली भाषा समजावून सांगणाऱ्या पुस्तकाची उणीव होती.

ती उणीव दादोबांनी भरून काढली. इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांनी नीट अभ्यासली होती. तिच्या धर्तीवर त्यांनी मराठीचे नियम शोधले आणि ते ओळीने मांडले. १८३६ साली त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते! हे पुस्तक शाळांतून शिकवले जाऊ लागले. दादोबांनी ते पुन्हा पुन्हा तपासले, वाढवले आणि त्याच्या नव्या आवृत्त्या काढल्या. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद असे जे शब्दांचे प्रकार आज आपण शिकतो, ते रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. या कार्यामुळे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले.

दादोबा हाडाचे शिक्षक होते. तरुणपणी माळव्यातील जावरा संस्थानात नवाबांना शिकवण्याचे काम त्यांनी केले. पुढे सुरतेला आणि मुंबईला त्यांनी शाळांत काम केले. शिक्षक तयार करणाऱ्या शाळेचे काम त्यांनी पाहिले. १८५२ साली ते आपल्या शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, डेप्युटी कलेक्टर झाले. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

भाषेप्रमाणेच समाजातही सर्वांना सारखा मान मिळावा, अशी त्यांची तळमळ होती. १८४४ साली सुरतेत मानवधर्मसभा स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत दादोबा होते. पुढे मुंबईत त्यांनी परमहंस सभेच्या कार्यात पुढाकार घेतला. या सभेचे सभासद जातिभेद मानत नसत आणि सर्वांच्या हातचे अन्न खात. त्या काळी हे उघडपणे करणे अतिशय कठीण होते, म्हणून सभेचे काम गुप्तपणे चाले. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबांचे निधन झाले. त्यांनी लिहून ठेवलेले आत्मचरित्र १९४७ साली प्रसिद्ध झाले.

भाषेच्या नियमांचे काम मात्र त्यांच्याबरोबर संपले नाही. दादोबांच्या काळी नांव, घरांत, करणें असे शब्दांवर अनुस्वार देत. कवि, बुद्धि हे शब्द ऱ्हस्व लिहीत. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे चौदा नियम ठरवले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर घातली. शासनाने ते नियम मान्य केले. आता आपण नाव, घरात, कवी, बुद्धी असे लिहितो. आज एखाद्या विद्यार्थ्याने दादोबांसारखे लिहिले, तर त्याच्या वहीत लाल शाईच्या खुणा होतील. म्हणून दादोबांना मराठी येत नव्हते, असे कोणी म्हणेल काय?

इंग्रजीतही असेच आहे. इंग्लंडमध्ये सॅम्युअल जॉन्सन यांचा शब्दकोश १७५५ साली निघाला. अमेरिकेत नोहा वेबस्टर यांनी १८२८ साली आपला मोठा शब्दकोश काढला आणि काही शब्दांचे स्पेलिंग सोपे केले. त्यामुळे रंग या अर्थाच्या कलर या शब्दात इंग्रज यू हे अक्षर लिहितात आणि अमेरिकन लोक ते गाळतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र एकाच निबंधात दोन्ही रीती मिसळू नयेत.

मग नियम बदलत असतील, तर ते पाळायचे कशासाठी? उर्दूत से, सीन आणि स्वाद या अक्षरांचा उच्चार आपण सारखाच करतो, पण एकाच्या जागी दुसरे लिहिले तर इमला चुकतो. मराठीत तसेच ऱ्हस्व-दीर्घाचे आहे. दिन म्हणजे दिवस, तर दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा, तर सूत म्हणजे धागा. एका वेलांटीने किंवा उकाराने अर्थ पालटतो आणि वाचणारा गोंधळतो. शुद्धलेखन म्हणजे लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातील करार आहे. तो सर्वांनी मिळून बदलता येतो, पण एकट्याने मोडला तर नुकसान दोघांचेही होते.

विद्यार्थी मित्रांनो, ज्याचे लेखन चुकते तो मूर्ख नसतो. त्याला हसणे सोपे आहे. त्याच्याजवळ बसून चूक दाखवणे हे खरे काम आहे. दादोबांनी तेच केले. मराठी बोलणाऱ्या सामान्य मुलाच्या हाती त्यांनी त्याच्याच भाषेचे नियम दिले. मराठी लिहिताना शंका आली, तर अंदाजाने लिहू नका. शब्दकोश उघडा, शब्द पाहा आणि मग लिहा.

शब्दार्थ
रीत – पद्धत
दस्तऐवज – महत्त्वाचा लेखी कागद
उणीव – कमतरता
धर्तीवर – नमुन्याप्रमाणे
तळमळ – मनापासूनची ओढ

स्वाध्याय
१. छापखाने आल्यावर लेखनाचे नियम का आवश्यक झाले?
२. दादोबांचे व्याकरण केव्हा प्रसिद्ध झाले? त्या वेळी त्यांचे वय किती होते?
३. दिन–दीन, सुत–सूत या शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
४. शुद्धलेखनाला करार का म्हटले आहे? तुमच्या शब्दांत लिहा.